टाउनो, त्याचा सॉना आणि मिठाची डबी

टाउनोने आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नाही. मीठसुद्धा नाही. मिठाची डबी त्याच्या हातापासून वीतभर जरी लांब असली, तरी तो अळणी सूप पिऊन उठायचा. "कसं झालंय?" असं विचारलं तर म्हणायचा, "चांगलंय." मी तीस वर्षं या लॉजच्या स्वयंपाकघरात आहे. अळणी सूपाला चांगलं म्हणणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो.

तशी आमच्याकडची सगळीच माणसं तोंडाला कुलूप लावून जन्माला येतात. मी एकटीच कशी सुटले कोण जाणे. माझी आई म्हणायची, "आइली, तुझ्या वाटणीचे शब्द शेजाऱ्यांकडून आलेत." पण टाउनो त्या मुक्यांतही मुका. चाळीस वर्षं त्याने रस्त्यावरचा बर्फ लोटणारं यंत्र चालवलं. दिवसभर एकटा, समोर पांढरं, मागे काळं. एकदा थंडीत लाकडं तोडताना त्याचा पाय मोडला. वाटेवर पडून होता. तेवढ्यात माझा नवरा ओइवा ट्रॅक्टर घेऊन तिथून गेला.

ओइवाने ट्रॅक्टर थांबवून विचारलं, "ठीक ना?"

टाउनो म्हणाला, "ठीक."

आणि ओइवा निघून गेला! टाउनो दोन किलोमीटर सरपटत घरी पोचला. मी ओइवाला म्हटलं, "अरे, पाय उलटा झालेला दिसला नाही का तुला?" तर म्हणतो, "दिसला की. पण तो ठीक म्हणाला ना." वर म्हणतो की उचलला असता तर टाउनोचा अपमान झाला असता. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. आमच्याकडचा हरी अडला तरी गाढवाकडे बघत नाही, आणि गाढवही सभ्यपणे मान वळवून पुढे जातं.

यामागे एक नियम आहे, तो सांगायला हवा, नाहीतर पुढचं सगळं वेडगळ वाटेल. तसं ते आहेच. नियम असा: न मागता मदत करायची नाही. मदत करू का, असं विचारायचंही नाही, कारण विचारलं की समोरच्याला "नको" म्हणावंच लागतं. आणि एकदा "नको" म्हटलं की संपलं. तो "नको" त्याच्या कबरीपर्यंत टिकतो.

आता हेल्वी. लॉज तिचं. नवरा गेल्यापासून एकोणीस वर्षं ती एकटी चालवते. तळ्याच्या या काठाला आमचं लॉज, समोरच्या काठाला टाउनोचं घर, मध्ये चार किलोमीटर पाणी, आणि वर्षातले सात महिने चार किलोमीटर बर्फ. हेल्वीच्या नवऱ्याच्या दफनानंतरच्या शनिवारी टाउनो पहिल्यांदा आला. गळणारा नळ दुरुस्त केला, दोन कप कॉफी प्यायला, "बरं मग" म्हणाला आणि गेला. पुढच्या शनिवारी दार दुरुस्त केलं. असे एकोणीस वर्षांचे शनिवार. लॉजमध्ये दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा हेल्वी शुक्रवारी रात्री स्वतः स्क्रू ढिले करायला लागली. मी डोळ्यांनी बघितलंय.

फक्त तळं गोठताना आणि वितळताना, ते दोन-तीन आठवडे, ना होडी चालते ना बर्फगाडी. तेव्हा टाउनो यायचा नाही. हेल्वी मात्र शनिवारी पाच वाजता दोन कप काढायची. दुसऱ्या कपातली कॉफी गार झाली की ओतून द्यायची. मला त्या कपाकडे बघवायचं नाही.

गोष्ट सुरू झाली ती लॉजचा सॉना जळाला तेव्हा. नववर्षाच्या सुट्टीला आलेल्या एका पाहुण्याने ओले मोजे चिमणीच्या नळीला बांधले. मोजे वाळले. मग पेटले. मग छप्पर पेटलं. पाहुणा बर्फात उघडा उभा राहून विचारतो, "माझे मोजे सापडले का?" मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही.

उत्तरेतल्या लॉजला सॉना नसेल तर कोण येणार? लोक दक्षिणेतून सातशे किलोमीटर येतात ते दिवसभर बर्फात फिरायला आणि संध्याकाळी तापलेल्या दगडांवर पाणी ओतून वाफेत बसायला. हेल्वी त्या शनिवारी खुर्चीत बसून राहिली. स्क्रूसुद्धा ढिला केला नव्हता. टाउनो आला, कॉफी प्यायला, दुसरा कपही प्यायला, आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "माझा आणतो."

"काय?"

"सॉना."

माझ्या हातातून झारा पडला. कारण हा साधा सॉना नव्हता. टाउनोच्या आजोबांनी ओंडके रचून बांधलेला, छोट्या खोलीएवढा. टाउनोच्या आईने त्याच्या खालच्या बाकावर टाउनोला जन्म दिला, आणि ती गेली तेव्हा तिला तिथेच शेवटचं धुतलं. त्या काठावर टाउनोचं जे काही होतं ते हेच. आणि माणसाचा सॉना जिथे जातो तिथे माणूस मागोमाग जातोच, नाहीतर आंघोळ कुठे करणार? म्हणजे सॉना या काठाला आला की टाउनोही आला. कायमचा. हे मला कळलं, हेल्वीला कळलं, सोमवारपर्यंत सगळ्या गावाला कळलं. ज्याने हे म्हटलं त्याला मात्र कळलं होतं की नाही, याची मला खात्री नाही.

मार्च संपता संपता, बर्फ हातभर जाड असताना, ओइवाने जॅक लावून सॉना उचलला, खाली दोन लांब ओंडके घातले, साखळ्या लावल्या आणि ट्रॅक्टरने ओढायला घेतला. शनिवार होता. मीही गेले, शेगडीवर कॉफी ठेवायला कोणीतरी हवं ना. टाउनो सॉनाच्या पायरीवर बसून होता, लग्नाच्या गाडीत बसल्यासारखा. दोन किलोमीटर सुरेख गेलो. बरोबर तळ्याच्या मधोमध ट्रॅक्टर खोकला आणि बंद पडला.

"नळी गेली," ओइवा म्हणाला. "घरी दुसरी आहे. स्कीवर जाऊन आणतो. चार-पाच तास."

तो गेला. आम्ही बसलो. उणे अठरा होतं. तीन वाजले. टाउनोने आकाशाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, मग सॉनाकडे बघितलं.

"शनिवार आहे," तो म्हणाला.

"आहे," मी म्हटलं.

"दगड आतच आहेत. लाकडंही आहेत."

आता एखाद्या शहाण्या देशातल्या माणसाला इथे काहीतरी सुचलं असतं. आम्हाला एवढंच सुचलं की शनिवारी तीन वाजता सॉना तापवतात. माझ्या आजीने लढाईच्या धामधुमीतही शनिवारचा सॉना चुकवला नव्हता. मग बर्फावर उभा आहे म्हणून आम्ही चुकवायचा? मीच बर्फाला भोक पाडून पाणी भरून दिलं. खोटं कशाला बोलू.

चिमणीचा धूर लॉजवरून दिसला. अर्ध्या तासात हेल्वी सॉसेजची पिशवी घेऊन बर्फगाडीवर हजर. तिच्यामागे स्कीवर आठ पाहुणे, टॉवेल गळ्यात. बायका आधी, पुरुष नंतर. अकरा जणांनी आंघोळी केल्या. बादल्यांमागून बादल्या. ओइवा नळी घेऊन परत आला आणि म्हणाला, "वा, तापलाय का?" आणि तोही आत गेला. आल्यावर म्हणाला, "आता थकलो. उद्या ओढू."

रात्री उणे सव्वीस झालं.

सकाळी सॉना जागचा हलेना. बारा जणांचं गरम पाणी फळ्यांच्या फटींतून खाली गेलं होतं, चुलीने खालचा बर्फ वितळवला होता, आणि रात्रीतून ते सगळं दोन ओंडक्यांभोवती दगडासारखं गोठलं होतं. ओइवाने जोर लावला तर साखळी तुटली. तो तुटलेली कडी हातात घेऊन म्हणाला, "हं." त्याच्यासाठी हे भाषण होतं.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात, पण नकटीने स्वतः पाणी गरम करून ओतलेलं मी प्रथमच पाहिलं.

"बघतो मी," टाउनो म्हणाला. बस. 'बघतो मी' म्हटल्यावर ते काम त्याचं एकट्याचं झालं. गावाने नियमाप्रमाणे मान वळवली.

तो रोज सकाळी सातला कुऱ्हाड आणि करवत घेऊन यायचा आणि उजव्या ओंडक्याभोवतीचा बर्फ फोडायचा. संध्याकाळी उजवा मोकळा व्हायचा. मग डावा घ्यायचा. डावा मोकळा होईपर्यंत उजवा पुन्हा गोठायचा. पाच दिवस असं. आणि मग यायचा शनिवार. लॉजच्या पाहुण्यांना आंघोळ हवी, जवळपास दुसरा सॉना नाही, आणि टाउनोकडे कोणी काही मागितलं तर नाही म्हणणं त्याच्या रक्तात नाही. तो शनिवारी निमूट चूल पेटवायचा. पाहुणे ओळीने स्कीवर जायचे, वाफेत बसायचे, बादल्या ओतायचे, आणि रविवारी सॉना आणखी चार बोटं खाली रुतलेला असायचा.

लॉज मात्र तुडुंब भरलं! तळ्याच्या मधोमध सॉना आहे म्हटल्यावर लोक ईस्टरनंतरही यायचे थांबेनात. पोस्टमन टाउनोची पत्रं तिथेच द्यायला लागला. त्यात एक सरकारी कार्यालयाचं पत्र आलं: तळ्यावरील सदर वस्तू इमारत असल्यास परवानगी कुठे आहे, वाहन असल्यास मागचे दिवे कुठे आहेत, आणि होडी असल्यास जीवरक्षक जाकिटं किती आहेत. टाउनोने तीन दिवस विचार करून उत्तर पाठवलं. त्यात एकच शब्द होता: "सॉना." त्यांनी परत विचारलं नाही. आमचाच माणूस असणार तिथे.

दक्षिणेतल्या तूर्कूहून दातांच्या एक निवृत्त डॉक्टर आल्या होत्या, लिंडरूसबाई. आठवड्यासाठी आल्या होत्या, तीन आठवडे राहिल्या. बाई चांगल्या, पण शहरातल्या. खिडकीतून टाउनोला एकट्याने करवत चालवताना बघून त्या रोज मला विचारायच्या, "तुम्ही लोक इतके दगड कसे हो? म्हातारा मरेल ना तिथे!"

"बाई, तुम्ही काही बोलू नका हं त्याला," मी सांगायचे. "हात जोडते."

"मी फक्त विचारीन."

"तेच करू नका!"

मला सांगता येत नव्हतं की गावाला काय वाटत होतं. गाव दगड नव्हतं. गावातल्या प्रत्येक घरात बर्फाची मोठी करवत धार लावून दारामागे उभी होती. ओइवाने आमची इतक्यांदा घासली की तिचं पातं दोन बोटं कमी झालं. एप्रिलच्या मध्यापासून लोक रोज सकाळी लॉजवर 'सहज' कॉफीला यायला लागले. पंधरा-सोळा जण. कोणी कोणाशी बोलायचं नाही. सगळे खिडकीकडे तोंड करून बसायचे, आणि बाहेर ओसरीवर सोळा करवती भिंतीला टेकवलेल्या. टाउनोने नुसतं "अरे" म्हटलं असतं तरी सगळे धावले असते. पण त्याने म्हणायला हवं होतं. आधी विचारलं तर तो "नको" म्हणणार, आणि "नको" म्हणाला की तळं वितळून सॉना बुडेपर्यंत आम्हाला खिडकीतूनच बघावं लागणार.

मी हेल्वीवर चिडले. "तू जा. तुला नाही म्हणायचा नाही."

"मलाच आधी 'नको' म्हणेल," ती म्हणाली. कणीक मळत होती, जरा जास्तच जोरात. "आणि आइली, मी का जाऊ? एकोणीस वर्षं दुसरा कप मीच भरला. एक वाक्य तरी त्याने आणावं. एक. नाही आणता येत तर राहू दे."

"सॉना बुडाला तर तो येणार नाही, हेल्वी. लाजेने तिकडेच मरेल."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि डोळे पुसले ते पिठाच्या हातांनी. गालावर पांढरे पट्टे उमटले. मी पुढे काही बोलले नाही. माझ्या बाबतीत हे किती क्वचित घडतं ते ओइवाला विचारा.

एप्रिल संपत आला. दिवसा बर्फ करडा दिसायला लागला, काठाशी पाण्याची रेघ चमकायला लागली. ओइवा गुरुवारी म्हणाला, "रविवार. रविवारपर्यंत ट्रॅक्टर बर्फावर नेईन. सोमवारी नाही."

आणि शुक्रवारी लिंडरूसबाई गेल्याच. मी ओव्हनमध्ये डोकं घातलं होतं, तेवढ्यात बाई स्कीवर तळ्याच्या मध्यावर! आम्ही सतरा जण खिडकीला चिकटलो. त्या टाउनोशी काहीतरी बोलल्या. टाउनोने टोपी काढली, मान हलवली, टोपी घातली. त्या परत आल्या.

"काय विचारलंत?" मी त्यांना दारातच गाठलं.

"विचारलं, मी काही मदत करू का."

"मग?"

"म्हणाले, नको, धन्यवाद."

कोणीतरी कप खाली ठेवला. सगळी माणसं एकेक करून उठली, करवती उचलून घरी गेली. शनिवारी कोणी कॉफीला आलं नाही. टाउनोही आला नाही, तो तिकडे पाहुण्यांसाठी चूल पेटवत होता. हेल्वीने पाच वाजता एकच कप काढला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मी मागच्या दाराने बाहेर जाऊन लाकडाच्या ढिगाला लाथा घातल्या.

रविवारी सकाळी मात्र सगळे परत आले. का, ते कोणी सांगितलं नाही. ओइवा म्हणाला, "कॉफी चांगली असते इथली." तीस वर्षांत त्याने माझ्या कॉफीचं पहिल्यांदा कौतुक केलं, म्हणजे बघा काय परिस्थिती होती.

अकरा वाजता दार उघडलं आणि टाउनो आत आला. रविवारी. शनिवार नसताना. हात सोललेले, मिशीला बर्फ. खोलीभर बघितलं, आणि टेबलाशी बसला. मी सूप वाढलं. मिठाची डबी त्याच्यापासून वीतभर लांब होती. त्याने एक चमचा घेतला. थांबला. त्याच्या मानेवरची शीर फुगली. मला वाटलं, झटका येतोय की काय.

"आइली," तो म्हणाला. "मीठ दे जरा."

मी डबी दिली. घाईत अर्धं मीठ टेबलावर सांडलं. त्याने मीठ घातलं, चव बघितली, चमचा ठेवला आणि हेल्वीकडे वळला.

"एकट्याने होत नाही," तो म्हणाला.

हेल्वी चुलीपाशी उभी होती. दुसरी कोणी असती तर तेवढ्यावर सोडलं असतं. तिने नाही सोडलं.

"काय होत नाही?"

"सॉना."

"आणि?"

टाउनोने सूपाकडे बघितलं. मग त्याने मान वर केली. "काहीच होत नाही, हेल्वी. शनिवार सोडले तर बाकीचे दिवस मी नुसते ढकलतो. मला इकडे राहायचंय. तुझ्याजवळ. मदत कर."

"करते," हेल्वी म्हणाली. "कधीची वाट बघतेय."

मग सोळा खुर्च्या एकदम मागे सरकल्या. ओसरीवरून करवती उचलल्याचा आवाज तेवढा आला, आणि लिंडरूसबाई ओरडल्या, "अहो, पण यांनी परवा मला नको म्हटलं होतं!"

"तुम्ही विचारलं होतंत," ओइवा जाता जाता म्हणाला. "आत्ता त्याने मागितलं."

आठ जण उजव्या ओंडक्याला, आठ डाव्याला. दोन्ही एकाच वेळी, गोठायला वेळच दिला नाही. मी मधून कॉफी वाटत होते आणि सगळ्यांना शिव्या देत होते, कारण मला रडू येत होतं. दीड तासात सॉना मोकळा झाला. ओइवाने ट्रॅक्टर लावला. शेवटच्या शंभर मीटरला बर्फ असा करकरला की गावकरी, पाहुणे, कुत्री सगळी काठावर पळाली. टाउनो पायरीवरच बसून होता. हेल्वी त्याच्या शेजारी बसली होती. उतरा म्हणून मी ओरडले, तर दोघांनीही ऐकलं नाही.

सॉना काठाला लागला. आमच्याकडे रविवारी सॉना तापवत नाहीत. त्या दिवशी हेल्वीने तापवला.

टाउनो परत गेला नाही. बुधवारी तळ्यावरचा बर्फ फुटला, त्यामुळे जाता आलंही नसतं. आता तो रोज आमच्या टेबलाशी जेवतो आणि रोज, न चुकता, मान वर करून म्हणतो, "हेल्वी, मीठ दे जरा." सूपात मीठ बरोबर असतं. हे त्याला माहीत आहे, तिलाही माहीत आहे. मी डबी तिच्या बाजूलाच ठेवते.